बारा शब्दांची अमानत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. असरची नमाज पढून घरी आलो तर ओटीवर आमच्या मोहल्ल्यातल्या आपा आणि त्यांची सून बसलेल्या. सून माझी जुनी विद्यार्थिनी. तिची इद्दत संपून पंधरा दिवसही झाले नव्हते. शोहर आखातात नोकरीला होता, तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. अल्लाह त्याची मगफिरत करो. मागे आई, बायको, एक मुलगा आणि एक मुलगी.

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून वहीचं एक पान काढलं. पाण्याने फुगून पुन्हा वाळलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. म्हणाली, "सर, हे जरा इंग्रजीत लिहून द्या. आज रात्रीच पाठवायचं आहे."

पानावर उर्दू लिपीत बारा ओळी होत्या, प्रत्येक ओळीत एक शब्द. वाचायला लागलो तर शब्द उर्दू नव्हतेच. इंग्रजी शब्द उर्दू अक्षरांत लिहिलेले. आमच्या गावात कुठलाही कागद वाचायचा असला की तो मास्तराकडे येतो. पासपोर्टचा, वारसनोंदीचा, कंपनीच्या पत्राचा. मला त्यात नवल वाटलं नाही. पेन घेतलं आणि लिहायला लागलो. सात शब्द झालेसुद्धा. आठव्या शब्दाशी अडलो. बे, टे, रे अशी तीनच अक्षरं, वर जेर-जबर काही नाही. हे बेटर वाचायचं, बिटर की बटर? तेव्हा कुठे मी विचारलं, "बेटी, हे आहे काय? आणि कुणाला पाठवायचं आहे?"

तो शब्द सरळ वाचता आला असता तर मी यादी पूर्ण करून दिली असती, आणि यतीम लेकरांच्या हक्काचे पैसे माझ्याच हस्ताक्षरात चोराच्या हाती गेले असते. हे आधी कबूल करतो. शिकलेला माणूसही किती सहज फसतो, हे त्या संध्याकाळी मला कळलं.

तिने सांगितलं ते असं. शोहराने कधीतरी बिटकॉइन घेतले होते, एवढंच तिला ठाऊक होतं. जुन्या मोबाइलमध्ये त्याचं अॅप होतं. मोबाइल चार्ज केला तर तो सुरू झाला, पण अॅप पिन मागत होतं आणि ही आवृत्ती आता चालत नाही असंही सांगत होतं. तिने इंटरनेटवर शोधाशोध केली. टेलिग्रामवर एक "रिकव्हरी एक्सपर्ट" भेटला. त्याने आधी पंधरा हजार फी घेतली. मग एक चित्र पाठवलं, त्यात तिच्या शोहराच्या नावापुढे एकोणीस लाख रुपये दिसत होते. ते सोडवायला "नेटवर्क टॅक्स" म्हणून आणखी तेवीस हजार. आपांच्या बांगड्या गहाण टाकून ते दिले. आता तो म्हणत होता, फक्त ते बारा शब्द इंग्रजीत टाइप करून पाठवा, पैसे उद्या खात्यात.

माझा एक विद्यार्थी नवी मुंबईत कॉम्प्युटरचं काम करतो. त्याला तिथूनच फोन लावला. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "सर, त्या कागदाचा फोटो कुणालाही पाठवू नका. मलाही नाही. मी रविवारी येतो."

त्या रविवारी आणि नंतर जे शिकलो ते इथे लिहितो आहे. कारण आपल्या किनाऱ्यावर असं घर नाही ज्यातला एखादा तरी मुलगा कुवेत, दुबई, दोहा किंवा बहरीनला नाही. आणि २०१७ नंतर त्या मुलांपैकी कितीजणांनी थोडेफार पैसे असे गुंतवले, हे घरच्यांना बहुतेक माहीत नसतं.

सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे वॉलेट. नावावरून वाटतं की पैसे त्यात असतात. तसं नाही. बिटकॉइनचे सगळे व्यवहार एका सार्वजनिक वहीत नोंदलेले असतात. ही वही जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर एकसारखी उतरवलेली असते आणि ३ जानेवारी २००९ पासून चालू आहे. कुठल्या पत्त्यावर किती रक्कम आहे, हे कोणीही पाहू शकतं. पण ती रक्कम हलवायला किल्ली लागते. वॉलेट म्हणजे ती किल्ली सांभाळणारं अॅप. अॅप जुनं झालं, कंपनी बंद पडली, मोबाइल समुद्रात पडला, तरी पैसे जिथल्या तिथेच राहतात. किल्ली गेली तर मात्र पैसे डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागत नाहीत.

ही किल्ली बहुतेक वॉलेटांत बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपात दिलेली असते. वॉलेट पहिल्यांदा सुरू करताना ते शब्द पडद्यावर येतात आणि कागदावर लिहून ठेवायला सांगतात. ज्याच्याकडे ते शब्द त्याचे पैसे. सही लागत नाही, आधार लागत नाही, मृत्यूचा दाखला लागत नाही.

बँकेशी तुलना करून पाहा. वडिलांचं जुनं पासबुक ट्रंकेत सापडलं, खातं दहा वर्षं वापरलेलं नाही, तर ती रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत भरते. पण वारसाचा हक्क संपत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये "उद्गम" नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर अशा ठेवी नावाने शोधता येतात आणि मग कागदपत्रं घेऊन बँकेत जाता येतं. तिथे दार आहे, काउंटर आहे, पलीकडे माणूस बसलेला आहे. स्वतःच्या वॉलेटमधल्या बिटकॉइनला काउंटरच नाही. "मी अमुक कंपनीच्या रिकव्हरी खात्यातून बोलतोय" असं जो म्हणतो, तो खोटं बोलतो. असं खातं कुठेच अस्तित्वात नाही.

पैसे कंपनीच्या एक्स्चेंजवरच ठेवलेले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे किल्ली कंपनीकडे असते आणि वारस कंपनीकडे अर्ज करू शकतो. पण कंपनीचंही खरं नसतं. मुंबईचं कॉइनेक्स हे एक्स्चेंज जून २०१९ मध्ये बंद झालं. मुंबईच्याच वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजी डल्ला पडला आणि तेवीस कोटी डॉलरहून जास्त रकमेची क्रिप्टो गेली. ग्राहकांना वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: पैसे कंपनीकडे आहेत की स्वतःच्या वॉलेटमध्ये?

आमच्या बाबतीत याचं उत्तर जुन्या ईमेलमध्ये मिळालं. मरहूम २०१८ च्या सुरुवातीला सुट्टीवर घरी आला होता. तेव्हा जिकडेतिकडे बिटकॉइनचीच चर्चा. डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरच्या जवळ पोचला होता. त्याने एका एक्स्चेंजवर चाळीस हजार रुपये घातले. पुढे वर्षभरात भाव चार हजार डॉलरच्याही खाली आला. मधेच ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना या धंद्याशी व्यवहार करायला मनाई केली. पुढे ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण त्या एप्रिलमध्ये लोक घाबरले होते. त्यानेही घाबरून सगळे बिटकॉइन एक्स्चेंजमधून काढून मोबाइलमधल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये नेले. ते पाठवल्याची पावती ईमेलमध्ये होती आणि पावतीत वॉलेटचा पत्ता होता. विद्यार्थ्याने तो पत्ता सार्वजनिक वहीत पाहिला. रक्कम जागेवरच होती: ०.०४१ बिटकॉइन. बाजारभावाने साधारण साडेतीन लाख. ठगाने दाखवलेले एकोणीस लाख म्हणजे निव्वळ रंगवलेलं चित्र.

मग कागद. त्याने शब्द उर्दूत का लिहिले, याचा खुलासा त्याच्या रूममधल्या मित्राने फोनवर केला. एका खोलीत सहाजण राहत होते. केरळचे, बिहारचे, फिलिपिन्सचे. कागद कुणाच्या हाती लागला तरी वाचता येऊ नये म्हणून ही युक्ती. पुढच्या सुट्टीत त्याने ती वही घरी आणून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. त्याला वाटलं, घराइतकी सुरक्षित जागा नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. श्रीवर्धनकरांना त्या दिवसाबद्दल वेगळं सांगायला नको. वाड्याच वाड्या सुपारी आडवी झाली, छपरं उडाली, कित्येक आठवडे वीज नव्हती. आपांच्या घराचे पत्रे गेले आणि ट्रंकेत पाणी शिरलं. वही वाळवली, पण तोपर्यंत बॉलपेनाची शाई पसरली होती. दहा शब्द वाचता येत होते. तिसऱ्या आणि अकराव्या शब्दाच्या जागी नुसता निळा डाग. आणि आठव्या शब्दाचे तीन अर्थ. पैसे आता त्या किल्लीखाली नाहीत, म्हणून हा एक शब्द सांगायला हरकत नाही.

इथे गणित कामाला आलं. हे शब्द कुठलेही नसतात. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, त्यातूनच ते निवडलेले असतात. यादी अशी केली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द वेगळा ओळखता येतो. बेटर, बिटर, बटर हे तिन्ही शब्द त्या यादीत आहेत. इंग्रजी लिहिणाऱ्याला यात काही अडचण नाही. उर्दूत जेर, जबर, पेश न देता लिहिलं की तिन्ही सारखेच.

बाराच्या बारा शब्द हरवले तर शक्यता किती? पाच या आकड्यावर एकोणचाळीस शून्यं. जगातले सगळे कॉम्प्युटर एकत्र केले तरी ते शोधू शकणार नाहीत. पण दोनच शब्द हरवले आणि त्यांच्या जागा माहीत असल्या, तर २०४८ गुणिले २०४८, म्हणजे ४१,९४,३०४ जोड्या. आठव्या शब्दाच्या तीन वाचनांमुळे त्याच्या तिप्पट, सुमारे सव्वा कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, कॉम्प्युटरला वाटत नाही. शिवाय बारावा शब्द मोकळा नसतो. त्यात आधीच्या सगळ्यांचा ताळा दडलेला असतो, जसा आम्ही पाचवीच्या मुलांना भागाकाराचा ताळा करायला लावतो. त्या ताळ्यावर सोळांतली सरासरी एकच यादी टिकते. म्हणून उरल्या साधारण पावणेआठ लाख याद्या. प्रत्येक यादीतून पत्ता काढायचा आणि तो पावतीवरच्या पत्त्याशी जुळतो का ते पाहायचं.

हे करणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. विद्यार्थ्याने लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं, सुनेच्या भावाला आणि मला शेजारी बसवलं, आणि शब्द तिच्याच हातांनी टाइप करवून घेतले. म्हणाला, "सर, माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवायची वेळ येऊ नये अशीच सोय करायची असते." इशाला लावलेलं काम फजरच्या आधी संपलं. आठवा शब्द बिटर निघाला.

बारा शब्द नव्या अॅपमध्ये घातले आणि पडद्यावर आलं शून्य. आपांचा चेहरा पाहवेना. पण हा प्रकार जुन्या वॉलेटच्या बाबतीत नेहमी होतो, आणि इथेच अनेकजण हाय खाऊन प्रयत्न सोडतात. त्यामागचं कारण साधं आहे. एका किल्लीतून अनेक पत्ते तयार होतात आणि ते तयार करायच्या पद्धती काळानुसार बदलल्या. जुन्या पद्धतीचे पत्ते १ या आकड्यापासून सुरू होतात. मग ३ पासून सुरू होणारे आले. ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनच्या नियमांत सुधारणा झाली, त्यानंतर हळूहळू बी-सी-१ ने सुरू होणारे पत्ते रूढ झाले. नवी अॅपं आधी नव्या पद्धतीचेच पत्ते तपासतात. पैसे जुन्या पत्त्यावर, शोध नव्या पत्त्यावर, मग दिसणार शून्यच. पोस्टमनने गल्लीचं नाव बदलल्यावर जुन्या पत्त्याचं पत्र परत न्यावं, तशातली गत. सेटिंगमध्ये जुनी पद्धत निवडली आणि रक्कम समोर आली. आपांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "अल्हम्दुलिल्लाह".

सगळ्यांच्या नशिबी हे नसतं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचरा डेपो खणू द्यावा म्हणून तो वर्षानुवर्षं भांडला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रॅमरचे ७,००२ बिटकॉइन एका कुलूपबंद पेनड्राइव्हमागे अडकले. त्याला दहाच वेळा पासवर्ड टाकायची मुभा, आणि आठ संधी त्याने घालवल्या. उलट युरोपातल्या एका माणसाचे २०१३ मधले ४३.६ बिटकॉइन दहा वर्षांनी सुटले. त्याने पासवर्ड बनवायला वापरलेलं सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं की ते कॉम्प्युटरच्या घड्याळावरून पासवर्ड बनवत असे. जो ग्रँड या अमेरिकन इंजिनिअरने सोबत्याला घेऊन ते घड्याळच मागे फिरवलं. यांतल्या कुणीही कुलूप फोडलं नाही, कारण ते फुटत नाही. किल्लीचा काही भाग जवळ असेल तर उरलेला शोधता येतो, एवढंच.

जुन्या अॅपचा आणखी एक धोका आहे. २०१८ च्या अखेरीस इलेक्ट्रम या प्रसिद्ध वॉलेटच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये चोरांनी खोटा निरोप झळकवला, "नवी आवृत्ती इथून घ्या". ज्यांनी घेतली त्यांचे पैसे गेले. म्हणून जुनं वॉलेट सापडलं तर घाईने अपडेट दाबू नका, अॅप काढून टाकू नका, मोबाइल फॉरमॅट करू नका, अंदाजाने पिन टाकत बसू नका. आधी शब्द शोधा. वही, डायरी, पासपोर्टचं पाकीट, कुराणशरीफच्या जुजदानातली चिठ्ठीसुद्धा पाहा.

आता तज्ज्ञांविषयी. आपल्याच राज्यातलं पुण्याचं उदाहरण घ्या. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत लोकांना अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचं आमिष दाखवलं गेलं. योजनेचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. आरोपींची वॉलेट उघडायला पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली, त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी होता. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोप असा की, तपासासाठी मिळालेल्या माहितीचा वापर करून त्यांनी त्यातली क्रिप्टो परस्पर वळती केली. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण जिथे पोलिसांनी बोलावलेल्या तज्ज्ञांवर असा आरोप होऊ शकतो, तिथे टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाचं काय सांगावं?

त्याच प्रकरणात, भारद्वाजच्या मृत्यूनंतर, मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड तपास यंत्रणेला द्यायला सांगितलं. देशातलं सर्वांत मोठं न्यायालयदेखील पासवर्ड मागतं. हुकूम देऊन वॉलेट उघडता येत नाही. तो "एक्सपर्ट" मात्र अडतीस हजारांत उघडून देणार होता.

ते अडतीस हजार अजून परत आलेले नाहीत. आम्ही १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पोर्टलवर तक्रार नोंदवली, पण तोवर तीन आठवडे उलटले होते. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत १९३० ला फोन केला तर रक्कम मधल्या बँकेत गोठवण्याची शक्यता असते. शरमेने गप्प बसलेल्याचे पैसे सहसा परत येत नाहीत. सून मला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सर, मोहल्ल्यात कुणाला सांगू नका." तिच्या परवानगीनेच, नाव-गाव न देता, हे लिहितो आहे.

तुम्ही विचाराल, हा पैसा हलाल आहे का? मी मास्तर आहे, मुफ्ती नाही. उलमांमध्ये यावर एकमत नाही. इजिप्तच्या दारुल इफ्ताने २०१८ च्या सुरुवातीला बिटकॉइनचा व्यवहार नाजायज ठरवला. इंडोनेशियाच्या उलमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून तिचा वापर हराम म्हटला. काही आलिम अटींसह तिला परवानगी देतात. हरवून परत मिळालेल्या मालाच्या मागच्या वर्षांच्या जकातीबद्दलही हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर बहुतेकजण शाफई. म्हणून ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावं. आम्ही विचारलं. मौलानांनी आधी उलट प्रश्न केला, "मरहूमवर कर्ज किती आहे?"

प्रश्न बरोबर जागी लागला. कफन-दफननंतर पहिला हक्क कर्जाचा, मग वसीयतीचा, तीही एक तृतीयांशापर्यंत, आणि मग वारसांचा. बायकोचा महर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच. मरहूमने निकाहात कबूल केलेल्या महरपैकी एक्कावन्न हजार दिलेले नव्हते. रूममधल्या मित्राचे एक लाख वीस हजार देणं होतं. त्याची लेखी नोंद कुठेच नव्हती. तो मित्र दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या राज्यातला, कधी मागायलाही आला नव्हता. वॉलेटच्या शोधात फोन केला म्हणून त्याच्या तोंडून निघालं, तेही संकोचाने. नसतं निघालं तर आमचा माणूस कर्जाचं ओझं घेऊन पडून राहिला असता आणि आम्ही कुराणखानी करून निश्चिंत झालो असतो.

रक्कम सरकारकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवर, केवायसी करून, सुनेच्या नावाने विकली. एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर तीस टक्के आयकर आणि वर उपकर आहे, विक्रीवर एक टक्का कापूनच घेतात. हिशेब सीएकडून करून घेतला. क्रिप्टो ही मालमत्ता आहे, असं मद्रास उच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटलं आहे. मग मालमत्तेसारखाच तिचा हिशेब व्हायला हवा, सरकारकडेही आणि अल्लाहकडेही.

कर जाऊन अडीच लाख हाती आले. मित्राचं कर्ज आणि महर फिटल्यावर उरले एकोणऐंशी हजार. त्यातला आठवा हिस्सा बायकोचा, सहावा आईचा, बाकी मुलाला दोन आणि मुलीला एक वाटा. कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आपांनी आपल्या वाट्याच्या तेरा हजारांत थोडे घालून बांगड्यांचं व्याज तोडलं. बांगड्या अजून सुटायच्या आहेत.

एकोणऐंशी हजारांनी कुणाचं घर चालत नाही, हे मलाही कळतं. पण त्या घरात आता कुणाचं देणं लपलेलं नाही.

सूरह बकरामधली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे, हे आपण मुलांना मदरशात शिकवतो. वसीयत करण्याजोगं काही असताना ती न लिहिता दोन रात्रीही काढू नयेत, अशी रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची ताकीद हदीसमध्ये आहे. तरी आपल्या घरांत वसीयतीचं नाव काढलं की बायका म्हणतात, असं अशुभ बोलू नका. परदेशातल्या मुलाला तर विचारतही नाही. त्याने पैसे पाठवले की घर चालतं; तो काय ठेवतो, कुणाला देणं लागतो, हे त्याच्याच डोक्यात.

म्हणून या महिन्यात एवढं करा. एक साधी वही घ्या. त्यात बँकांची नावं, पतपेढी, विमा, कंपनीची ग्रॅच्युइटी, सोनं कुठे आहे ते, आणि क्रिप्टो असेल तर कोणत्या अॅपवर किंवा कोणत्या एक्स्चेंजवर, हे लिहा. पुढच्या पानावर देणी: कुणाचे किती, महर बाकी आहे का, जकात राहिली आहे का. ही वही कुठे आहे ते घरातल्या दोघांना सांगा. वॉलेटचे शब्द मात्र त्या वहीत नकोत, मोबाइलच्या फोटोत आणि व्हॉट्सअॅपवर तर नकोतच. ते वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने, स्पष्ट इंग्रजी अक्षरांत, क्रमांक घालून लिहा. शाई पाण्यात पसरते, पेन्सिल सहसा पसरत नाही. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी, भरवशाच्या माणसाकडे, बंद पाकिटात. आपल्याकडे वादळ पुन्हा येणार नाही असं कोण म्हणेल?

आणि परदेशातला मुलगा फोनवर "सब खैरियत" म्हणाला की लगेच ठेवू नका. विचारा, "बेटा, कुणाचं काही देणं आहे का?" पहिल्यांदा तो हसेल. तरी विचारा.